खालून काढलेला फोटो

हिरवी पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे गेली आणि थांबली. आधी मला वाटलं, दम खात असेल. रॉ फाइली जड असतात आणि माझा कॉम्प्युटर आता उतारवयाला लागलाय, मधेच थबकतो, मग आठवल्यासारखं पुढे चालतो. मी खुर्चीत मागे रेललो, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. पट्टी तिथेच. कॅमेऱ्याच्या कार्डावरून फाइली येत असताना रीडरवरचा बारका दिवा सारखा लुकलुकत असतो, तोही विझलेला. मग पट्टी गेली आणि तिच्या जागी एक चौकट आली: या कार्डातलं काही वाचता येत नाही, वापरायचं असेल तर फॉरमॅट करावं लागेल, म्हणजे सगळं पुसून कोरं, करू का? चहा घेणार का, असं विचारावं तितक्या सभ्यपणे विचारलं होतं. मी 'नको' दाबलं. मोठ्याने म्हणालोसुद्धा, "नको बाबा, नको." दुकानात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. बाहेरची पाटी मी 'बंद आहे' अशी फिरवून ठेवली होती. शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानातून वाफेचा फुस्स आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता.

त्या कार्डावर माझ्या बहिणीचं नाक होतं. असं म्हटलं की हसू येतं, ताईलाही आलं होतं. पण खरंच होतं ते. आज दुपारी ऑपरेशनमध्ये तिचं नाक काढणार होते. सबंध. आत गाठ झाली होती, बाहेरून उजव्या नाकपुडीवर नखाएवढा लाल चट्टा दिसायचा, आणि मुळापासून काढल्याशिवाय इलाज नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात करायचं ठरलेलं, काल अचानक फोन आला की उद्याच या. नंतर जखम भरली की एक बाई तिला नकली नाक करून देणार होती. कान, नाक, बोटं करते ती, मऊ, कातडीच्या रंगाची. सकाळी चिकटवायचं, झोपताना काढून ठेवायचं. एरवी ती आधी साचा घेते, पण चट्टा चिघळल्यामुळे तिथे काही लावायची सोय नव्हती, म्हणून तिने फोटो मागितले. समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरके आणि खालून. "खालचे विसरू नका," फोनवर ती म्हणाली होती, "नाकपुड्या कळल्या नाहीत तर माझ्या हातून बाहुलीचं नाक होईल. आणि रॉ पाठवा. तुम्ही फोटोवाले फार हात फिरवता. ऑपरेशनच्या आधी पाठवा म्हणजे काही कमी असलं तर तेवढ्यात परत काढता येईल." रॉ म्हणजे कच्चा फोटो. कॅमेऱ्याला जे जे दिसलं ते सगळं तसंच ठेवलेलं, न शिजवलेलं, न सजवलेलं. दिसायला मळकट असतो तो, पण त्यात कातडीचा रंग असतो, तिच्यावरची बारीक भोकं असतात, खरं काय ते असतं.

सकाळी हॉस्पिटलच्या खोलीत खिडकीतून छान मऊ उजेड येत होता. असा उजेड मिळावा म्हणून लग्नात मी लोकांना दारोदार हिंडवतो, आणि इथे तो फुकट पडला होता, औषधांच्या ट्रेवर, पाण्याच्या बाटलीवर, ताईच्या गालावर. ती पलंगावर मांडी घालून बसली होती, हॉस्पिटलचा तो पाठीमागे नाड्या असलेला झगा घालून, राणीसारखी. भाऊजी कोपऱ्यातल्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. ताईचे यजमान मुळात कमी बोलतात, आज तर त्यांनी पिशवीचे बंदच सोडले नव्हते. "छोट्या, लवकर आटप," ताई म्हणाली. मला चाळिशी उलटली तरी तिच्यासाठी मी छोट्याच. "लवकर काय, हलू नकोस." "हलत नाहीये मी. तुझा हात हलतोय." मी तिच्याकडे कॅमेऱ्यातून पाहत होतो म्हणून बरं होतं, नाहीतर मला तिथे उभंच राहवलं नसतं. नाक. आई म्हणायची, या पोरीच्या नाकावरच राग बसलेला असतो. ताईला तेच आठवलं असावं, कारण मी डाव्या बाजूला गेलो तेव्हा ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आता राग बसणार कुठे रे?" भाऊजी एकदम उठले आणि पाणी आणतो म्हणून बाहेर गेले. बाटली भरलेलीच होती. आम्ही दोघं ती बाटली बघून हसलो, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते हसणं काढलं नाही, कारण हसताना नाक पसरतं आणि त्या बाईला पसरलेलं नाक चाललं नसतं.

आमचं नाक बाबांचं. मोठं, मधे उंचवटा, टोकाला जरा खाली झुकलेलं. नातेवाईक म्हणायचे, बाबांनी घर दोघांत वाटलं, नाक मात्र दोघांना अख्खं दिलं. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. पुरुषाच्या तोंडावर नाक कितीही मोठं असलं तरी त्याला लोक भारदस्त म्हणतात. ताईला मात्र शाळेत पोरी 'पोपट' म्हणायच्या, आणि तेव्हापासून तिने ते नाक नुसतं सोसलं. "खालून नको," ती आज शेवटी अडूनच बसली. "घोड्यासारखी दिसते मी खालून." "तू घोडा खालून बघितलायस कधी?" "छोट्या!" "बाईने मागितलेत ते. खास." मग तिने डोळे मिटले आणि मान मागे टाकली. मी जमिनीवर गुडघे टेकून बसलो. इतकी वर्षं मी तिचे फोटो काढतोय, पण तिचा गळा, हनुवटीची खालची बाजू, त्या दोन काळ्या नाकपुड्या मी तोवर कधी पाहिल्याच नव्हत्या. एक नाकपुडी दुसरीपेक्षा किंचित मोठी होती. ताई श्वास घेई तेव्हा ती हलायची. मी भराभर बटण दाबत राहिलो. ते फोटो सगळ्यांत शेवटी काढलेले, म्हणजे कार्डाच्या शेवटी, आणि पट्टी तिथवर पोचलीच नव्हती.

आत आलं होतं ते मी उघडून पाहिलं. समोरून काढलेले आले होते, डावी बाजू आलेली होती. उजवीकडचं काही नाही, तिरकं काही नाही, खालचं काही नाही. मग मी वेड्यासारखा जुन्या डिस्का काढल्या. म्हटलं, जिचा भाऊ फोटोग्राफर तिच्या नाकाला काय तोटा? ताईचं लग्न, ताईची मुलगी, तिचं बारसं, पहिली शाळा, समुद्रावरची सहल, भाऊजींची पन्नाशी. मी उघडत गेलो आणि प्रत्येक फोटोत एक सुबक, बारीक, सरळ नाक माझ्याकडे बघून हसत होतं. माझीच करणी. पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हाच तिने मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, "हे बघ, तुझ्या मशीनमध्ये नाक बारीक होतं का?" होत होतं. दोन्ही बाजूंनी जरा आत घ्यायचं, उंचवटा पुसायचा, टोक हलकेच उचलायचं. पुढे पुढे मी त्याची एक ठरावीक जुळणी करून ठेवली, तिला नाव दिलं 'ताई', आणि एका बटणावर बसवली. बटण दाबलं की नाक बारीक. आम्हा दोघांचं ते गुपित होतं, भाऊजींनासुद्धा माहीत नव्हतं. ते भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणायचे, फोटोत काय दिसतेस तू, आणि ताई मला डोळा मारायची. आणि डिस्का भरतात म्हणून मी शिजवलेले तेवढे फोटो ठेवले, कच्चे सगळे पुसून टाकले. सगळेच फोटोवाले करतात. लग्नाचे कच्चे फोटो कोण जन्मभर सांभाळत बसतं? लहानपणीच्या अल्बममधलं नाक लहानपणीचं. भाऊजींच्या फोनमध्ये तर तो फोन स्वतःच सगळ्यांना गोरं आणि गुळगुळीत करून टाकतो. एवढ्या हजारो फोटोंत माझ्या बहिणीचं खरं नाक कुठेही नव्हतं. कार्डावर होतं, सकाळचं, आणि तिच्या तोंडावर होतं, दुपारपर्यंत.

म्हणून मला वाटलं, रीडरचीच काही खोड असेल. कार्ड रीडरमधून काढलं, शर्टाला पुसलं, कॅमेऱ्यात घालून बघू या म्हटलं, कॅमेऱ्यात दिसतील. आता पुढचं सांगताना माझा मलाच राग येतो. आम्हा लोकांचा एक रिवाज असतो. कामाला निघायच्या आधी कार्ड कॅमेऱ्यात घालायचं आणि लगेच फॉरमॅट करायचं. दोन बटणं एकदम दाबून धरायची, पडद्यावर विचारणा येते, पुन्हा तीच दोन दाबायची. कार्ड कोरं. वर्षानुवर्षं हे इतक्या वेळा केलेलं असतं की ते डोक्याला कळवण्याची अंगठ्याला गरज पडत नाही. मी कार्ड घातलं, झाकण टक्‌कन लावलं, आणि मी उजव्या बाजूच्या त्या तिरक्या फोटोंचा विचार करत असताना, चट्टा सावलीत गेला होता की काय असा विचार करत असताना, माझ्या अंगठ्याने आणि बोटाने आपलं काम केलं. पडद्यावर आलं: फोटो नाहीत. मी त्या दोन शब्दांकडे बघत राहिलो. कानात गरम वारं भरल्यासारखं झालं. मी खाली लाकडी पेटीवर बसलो, जिच्यावर मी पासपोर्ट फोटोला लहान मुलांना उभं करतो. मला रडू येत नव्हतं, मला स्वतःचा अंगठा चावावासा वाटत होता.

फॉरमॅट केलं म्हणून लगेच सगळं जातं असं नसतं, हे मला माहीत होतं. कार्ड फक्त विसरतं कुठे काय ठेवलंय ते. वर काही नवीन लिहिलं नाही तर खणून काढता येतं, निदान काही तरी. पण एकही फोटो काढायचा नाही त्यावर, एकसुद्धा नाही. मी कार्ड काढलं, जपून, कडेने धरून, परत रीडरमध्ये घातलं आणि हरवलेल्या फाइली शोधायचा प्रोग्रॅम चालू केला. नवी पट्टी आली. ही निळी होती. आणि तेवढ्यात फोन वाजला. ताई.

"आले का रे?"

"येताहेत," मी म्हणालो. आवाज बरा लागला असावा.

"आधीचा पेशंट रद्द झाला म्हणे. मला आताच नेताहेत. घाई नुसती."

मी उठलो. दुकानापासून हॉस्पिटल दोन गल्ल्यांवर. दुसरं कार्ड खिशात होतंच. "ताई, थांब, मी येतो. दोनच मिनिटं. खालचे पुन्हा काढू, जरा..."

"आता कुठले काढतोस? त्या डॉक्टरने पेनने रेघा मारून ठेवल्यात माझ्या नाकावर. जांभळ्या. कुठून कुठे कापायचं ते. अगदी कॉलनीचा नकाशा केलाय बघ. वर पिवळं औषध फासलंय." तिचा आवाज हलका होता, फार हलका, आणि मला कळलं की तिला झोपेचं काही तरी दिलंय. "का, नीट नाही आले का?"

निळी पट्टी हलत नव्हती. मी म्हणालो, "उत्तम आलेत. तू उगीच काळजी करतेस."

"आणि ऐक. त्या बाईला सांग, थोडं बारीक कर म्हणावं. आता नवंच करायचंय तर..." मागून कोणी तरी तिला काही म्हणालं. "हो हो, देते," ती त्यांना म्हणाली, आणि मग मला, एकदम लहानपणीच्या आवाजात, "छोट्या, मला भीती वाटतेय रे." मी म्हणालो, मी आहे ना. काय उपयोग त्याचा, पण तेवढंच सुचलं. फोन भाऊजींकडे गेला, त्यांनी "बरं" म्हटलं आणि ठेवून दिला.

मग मी नुसता बसलो. उन्हाची तिरीप शटरखालून आत आली होती आणि जमिनीवरच्या वायरींवरून हळूहळू सरकत होती. इस्त्रीवाला कोणाशी तरी कॉलरीवरून भांडत होता. मला राहून राहून त्या दोन नाकपुड्या आठवत होत्या, पण नीट आठवत नव्हत्या. मोठी होती ती उजवी की डावी? सकाळीच पाहिलेली. मी आयुष्यभर लोकांचे चेहरे बघत आलो आणि मला सख्ख्या बहिणीचं नाक आठवून काढता येईना. कागदावर काढून बघितलं. बाहुलीचं नाक आलं.

फाइली येऊ लागल्या. नावं गेली होती, नुसते आकडे होते. एक उघडली. रॉ उघडताना एक गंमत होते, नेहमी होते, आज मात्र जिवावर आली. आधी क्षणभर एक गोजिरवाणा फोटो दिसतो. कॅमेऱ्याने स्वतःच सजवून आत खोचून ठेवलेला तो एक छोटा नमुना असतो. मग कॉम्प्युटर खरी फाइल उलगडतो आणि तो गोजिरवाणा फोटो विझून खालचा मळकट, खरा फोटो वर येतो. उजवी बाजू. आली. चट्टा, भोकं, उंचवटा, सगळं. तिरके आले, एक, दोन, सगळे. मी टेबलावर मूठ आपटली. मग मान मागे टाकलेली ताई आली, हनुवटी, गळा, दोन नाकपुड्या, क्षणभर, स्वच्छ, आणि मी अरे वा म्हणेपर्यंत ते चित्र विझलं आणि त्या जागी वरून हनुवटीपर्यंत राखाडी पट्टा उतरला. पुढची फाइल. हनुवटी, राखाडी. पुढची. सगळ्यांचं तेच. वरचा नमुना तेवढा वाचला होता, टपाल तिकिटाएवढा, आणि मोठा करून बघितला की नाकपुड्यांच्या जागी नुसते चौकोन. मी एक एक करत शेवटपर्यंत गेलो. मग फोनवर भाऊजींचा निरोप उमटला. दोनच शब्द. आत नेलं.

आता रेघासुद्धा उरणार नव्हत्या. मी होते ते सगळे फोटो त्या बाईला पाठवले आणि तिला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, तोंडातून भसाभसा निघालं, पट्टी, चौकट, अंगठा, राखाडी, सगळं. मागे कुठे तरी कानशीचा खरखर आवाज येत होता, तो थांबला.

"समोरचे चांगले आलेत," ती म्हणाली. "बाजूचे पण. खालच्याचंच काम अडलं."

"हो."

"घरात आणखी कोणाचं नाक असं आहे का? आई, मावशी? मी पुष्कळदा बहिणीवरून घेते. रक्ताचं माणूस असलं की आतली घडण बहुधा सारखी निघते."

समोर कॉम्प्युटरचा पडदा तेवढ्यात स्वतःहून काळा झाला होता, आणि त्या काळ्यात बाबा बसले होते, फोन कानाला लावून, तोंड उघडं टाकून. तोंडाच्या वर ते नाक. गेल्या तासाभरात मी घरच्या फोटोंच्या प्रत्येक डिस्कमध्ये ते शोधलं होतं. माझा फोटोच नव्हता ना कुठे. प्रत्येक लग्नात, प्रत्येक सहलीत मी कॅमेऱ्याच्या मागे. ताई नेहमी म्हणायची, ये रे मधे, आणि मी म्हणायचो, मग काढणार कोण?

"आहे," मी त्या बाईला म्हणालो. "पाठवतो."

जुनं कार्ड मी काडेपेटीत ठेवलं आणि नवं कॅमेऱ्यात घातलं. झाकण लावलं. अंगठा त्या बटणाकडे निघालाच होता. मी तो दुसऱ्या हाताने धरून बाजूला केला, वेडा म्हणायचं तर म्हणा. दार उघडून उजेड आत घेतला. इस्त्रीवाल्याने मान वळवून पाहिलं, मी कॅमेऱ्याची तिपाई इतकी खाली का घेतोय म्हणून, पण विचारलं नाही. मग मी मुलांच्या त्या पेटीवर बसलो आणि मान मागे टाकली. छताला एक कोळिष्टक होतं. मान मागे टाकली की माणूस फार उघडा पडतो, हे मला माहीत नव्हतं. आता ताईची मान अशीच असेल, वर मोठा दिवा, आणि कोणी तरी त्या जांभळ्या रेघेवर... मी डोळे मिटले. कॅमेरा आपोआप टिकटिक करत मोजायचा आणि काढायचा, पुन्हा मोजायचा आणि काढायचा. मी हललो नाही. डोळ्यांतून येत होतं ते कानांत जात होतं, तरी हललो नाही.

हिरवी पट्टी या वेळी न अडखळता गेली. फाइल उघडली. आधी तो गोजिरवाणा नमुना आला, आणि मी शपथेवर सांगतो, क्षणभर ताई होती. मग खरा फोटो वर आला, मळकट, दाढीचे खुंट असलेला. उजवी नाकपुडी किंचित मोठी. उजवीच. बोट सवयीने 'ताई' लिहिलेल्या बटणाकडे गेलं होतं. ते मी तसंच हवेत धरलं आणि फाइली पाठवून दिल्या.

तिचा फोन लगेच आला. "हो, हेच. दोन्ही शेजारी लावून बघितले, जुळतंय. जमेल आता." मी भिंतीला पाठ टेकली. ती काही तरी लिहून घेत असावी. "तुमच्या बहिणीने स्वतः काही सांगितलंय का? कसं हवंय वगैरे?"

"सांगितलंय. थोडं बारीक करा म्हणालीये."

"मग? करू बारीक?"

मी पडद्याकडे बघितलं. "आहे तेवढंच करा," मी म्हणालो. "शुद्धीवर आली की भांडेल माझ्याशी. भांडू दे."